हे नेमकं बोलतंय कोण?

ऑफिसात कुणी नवा फोन ईएमआयवर घेतला की एक ओळ हमखास कानावर पडते, "ऋणं कृत्वा घृतं पिबेत्", आणि पाठोपाठ चार्वाकाचं नाव. चार्वाक म्हणजे कर्ज काढून तूप पिणारा माणूस, एवढंच आपल्याला माहीत असतं आणि तेवढं पुरतं पण. पण ही ओळ येते कुठून ते बघायला गेलं तर जरा गंमत आहे. ज्या बार्हस्पत्य सूत्रांवर चार्वाकांचं हे जडवादी दर्शन उभं होतं ती तर हरवलीच, उरलेत ते इतरांच्या ग्रंथांतले तुकडे, आणि त्यातले बहुतेक इतर म्हणजे विरोधक. तुपाची ओळ आपल्याला भेटते ती चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात. माधवाचार्य पक्के अद्वैती. ते एकेक दर्शन मांडत जातात, सुरुवात चार्वाकापासून आणि शेवट शांकर वेदान्तावर, म्हणजे चार्वाक त्यांच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी, तिच्यावर पाय ठेवायचा तो वर जाण्यासाठीच.

म्हणजे तूप प्या असं कोण म्हणतंय? चार्वाक म्हणतोय असं माधवाचार्य म्हणताहेत. आता हे एवढ्यावर सोडलं तर नुसता वकिली मुद्दा झाला, पण त्याच प्रकरणात सुरुवातीला हाच श्लोक वेगळ्या रूपात येऊन गेलेला असतो: "यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः". जगाल तोवर सुखानं जगा, मृत्यूच्या टप्प्याबाहेर कुणीच नाही. पुढची ओळ दोन्हीकडे तीच, राख झालेला देह परत कुठून येणार. पहिलं रूप वाचलं तर बोलणारा माणूस गंभीर वाटतो, मरणाकडे सरळ बघणारा, आणि दुसरं वाचलं तर उधारीवर चैन करणारा. एकाच प्रकरणात, थोड्या अंतरावर, दोन वेगळे चार्वाक! पाठ कुणी बदलला, कधी बदलला यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय, मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की भरभर वाचणाऱ्याला हे दोन श्लोक एकच वाटतात, आणि लक्षात राहतो तो तुपाचा, कारण तो जास्त चविष्ट आहे.

तत्त्वज्ञान सावकाश वाचावं असं सगळेच म्हणतात. नीत्शेचं ते सावकाश वाचायला शिकवण्याबद्दलचं वाक्य तर आता पोस्टरवर येतं. पण सावकाश म्हणजे काय करायचं हे कुणी सांगत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं की स्पीड कमी करायचा, चहा घ्यायचा, फोन लांब ठेवायचा, एकेक शब्द मनात घोळवायचा. करा की. पण माझा अनुभव असा आहे की तत्त्वज्ञानाचं पुस्तक हळू वाचायचं खरं कारण फार साधं आणि जरा रुक्ष आहे: प्रत्येक वाक्याला विचारावं लागतं की बाबा तू कोणाच्या तोंडचा. कथा-कादंबरीत हा प्रश्न सहसा पडत नाही, तिथे अवतरणचिन्हं असतात, "तो म्हणाला" असतं. तत्त्वज्ञ मात्र स्वतःच्याच आवाजात समोरच्याचं म्हणणं बोलतो, तेही पूर्ण ताकदीनं, कधी कधी स्वतःच्या मतापेक्षा जास्त ताकदीनं, आणि मग दोन पानांनी हळूच तिथून पाय काढून घेतो. आपण भरभर गेलो की दोन्ही आवाज एकात मिसळतात आणि आपण पुस्तक मिटून छातीठोकपणे सांगतो, अमुक तत्त्वज्ञ असं असं म्हणतो.

आपल्याकडे याची पूर्ण व्यवस्था होती हे मला फार उशिरा कळलं, आणि ते सरांमुळे. आमचा तिघांचा रविवारचा कारभार आहे, व्हिडिओ कॉलवर, मी पुण्यात, एक मैत्रीण ब्रुसेल्सला आणि सांगलीचे सर, जे आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवून आता रिटायर झालेत आणि ज्यांना देकार्त वगैरे युरोपियन तत्त्वज्ञ मंडळींबद्दल सुरुवातीला काडीचाही आदर नव्हता. सरांची वाचायची रीत म्हणजे हातात शिसपेन्सिल, आणि झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणलेल्या प्रिंटआउटच्या समासात जागोजागी बारीक अक्षरं. पू म्हणजे पूर्वपक्षी, समोरून आक्षेप घेणारा, सि म्हणजे सिद्धान्ती, शेवटचं खरं मत मांडणारा, आणि ए म्हणजे एकदेशी. एकदेशी हा माणूस मला फार आवडतो. तो आपल्याच बाजूचा असतो पण त्याचं उत्तर अर्धवट असतं, तो काहीतरी बरं बोलतो, त्याच्यामुळे चर्चा पुढे सरकते, आणि मग सिद्धान्ती येऊन त्यालाही बाजूला सारतो. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या त्या मोठ्या भाष्यात, हे सगळे एकमेकांशी बोलत असतात आणि नाटकासारखी नावं काही लिहिलेली नसतात. कोण कुठे थांबला आणि कोण सुरू झाला हे शिष्यानं गुरूजवळ बसून शिकायचं. पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी अख्खं महाभाष्य मराठीत आणलं, आणि त्याच शास्त्रीबुवांनी वर म्हटलेल्या सर्वदर्शनसंग्रहावर संस्कृत टीकाही लिहिली, भांडारकर संस्थेनं ती 1924 साली छापली. एकाच माणसानं ही दोन्ही कामं करावीत याचं मला आधी नवल वाटायचं, आता वाटत नाही, दोन्हीकडे निम्मं काम तेच आहे, आवाज वेगळे करायचं.

आणि हे काही फक्त शाळकरी शिस्तीचं काम नाही, त्यावर मोठमोठे डोलारे उभे असतात. ब्रह्मसूत्रं म्हणजे वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ, त्याच्या चौथ्या अध्यायात, तिसऱ्या पादात एक प्रश्न येतो, की उपासक देहानंतर ज्या ब्रह्माकडे नेला जातो ते कार्यब्रह्म, म्हणजे खालच्या पायरीचं, निर्माण झालेलं ब्रह्म, की सर्वांत वरचं परब्रह्म. आधी बादरी या जुन्या आचार्यांचं मत येतं, मग जैमिनी या दुसऱ्यांचं. सूत्रं इतकी त्रोटक की कोणाचं मत खरं हे त्यात सरळ लिहिलेलंच नाही. नेहमीच्या रीतीनं शेवटी येतो तो सिद्धान्त. शंकराचार्य मात्र म्हणतात की इथे पहिला, बादरी, हाच सिद्धान्त, आणि जैमिनी पूर्वपक्ष. रामानुजाचार्यांना हे साफ नामंजूर, त्यांच्या मते बादरीचं मत पूर्वपक्षच. सूत्रं तीच, अक्षर अन् अक्षर तेच, पण समासात पू कुठे लिहायचा यावरून एक वेदान्त इकडे गेला आणि एक तिकडे. सरांनी हे सांगितलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अहो सर, म्हणजे यांची भांडणं पेन्सिलीवरून आहेत." सर म्हणाले, "अगं मग कशावरून असणार?"

देकार्तवर आम्ही आलो ते तिच्या आग्रहानं. त्याचं मेडिटेशन्स म्हणजे 1641 साली पॅरिसमध्ये लॅटिनमध्ये छापलेलं छोटंसं पुस्तक, सहा चिंतनं, जणू सहा दिवसांची. मूळ मजकूर एका दुपारी वाचून होईल इतका लहान, पण त्याच्यासोबत त्याच प्रतीत आक्षेपांचे सहा संच आणि देकार्तची उत्तरं छापलेली, आणि ती मूळ पुस्तकापेक्षा कितीतरी मोठी. मेर्सेन नावाच्या त्याच्या मित्रानं हस्तलिखित आधीच लोकांकडे फिरवलं होतं, हॉब्जकडे, तिशीही न गाठलेल्या आर्नोकडे, गासांदीकडे. गासांदी टोमणा मारून देकार्तला "हे मना" अशी हाक मारतो, तर देकार्त उलट "हे देहा" म्हणून उत्तर देतो. हे बघून सरांचा देकार्तबद्दलचा राग निम्मा तिथेच गेला. म्हणाले, हा तर पूर्वपक्ष बाहेरून मागवतो, आपल्यापेक्षा पुढे गेला की.

या उत्तरांमध्येच एका ठिकाणी देकार्त म्हणतो की पहिलं चिंतन वाचायला जेवढा थोडा वेळ लागतो तेवढाच वाचकानं त्यावर घालवू नये, काही महिने, निदान काही आठवडे त्यातल्या गोष्टींवर घालवावेत आणि मगच पुढे जावं. काही महिने! पाच-सहा पानांवर. आणि हाच माणूस नंतर, 1647 मध्ये, त्याच्या दुसऱ्या एका पुस्तकाच्या फ्रेंच भाषांतराला जोडलेल्या पत्रात सांगतो की आधी सगळं पुस्तक कादंबरीसारखं भराभर वाचून काढा, अडलं तर थांबू नका, मग दुसऱ्यांदा वाचताना अवघड जागांवर पेनानं खूण करा पण तरीही पुढे जा, आणि तिसऱ्यांदा वाचाल तेव्हा बऱ्याच खुणांची उत्तरं सापडलेली असतील. मला यात विसंगती वाटत नाही, उलट आरामच वाटतो. पहिल्याच ओळीपासून कपाळाला आठ्या घालून बसायची गरज नाही, आधी एकदा सगळी माणसं कोणकोण आहेत ते पाहून घ्यायचं आणि मग कोण काय बोलतो ते ऐकायला परत यायचं. आणि खरं सांगायचं तर सगळी पुस्तकं परत यायच्या लायकीची नसतातही. एअरपोर्टवर मिळणारी "स्टोइक व्हा आणि प्रमोशन मिळवा" छापाची पुस्तकं एका फ्लाइटमध्ये संपतात ते बरंच आहे.

आता पहिलं चिंतन. देकार्त शेकोटीजवळ बसलाय, घरात घालायचा झगा अंगावर, हातात कागद. इंद्रियं कधी कधी फसवतात हे मान्य, पण मी इथे बसलोय, हे हात माझे आहेत, यावर शंका कशी घ्यायची? मग तो म्हणतो, अशी शंका घेतली तर मला वेड्यांच्या रांगेत बसावं लागेल, ज्यांना अंगावर चिंधी नसताना आपण राजवस्त्रं ल्यालोय असं वाटतं, आपलं डोकं मातीचं आहे, आपण भोपळा आहोत किंवा काचेचे बनलोय असं वाटतं. "पण ते तर वेडे आहेत", आणि मी त्यांचं उदाहरण घेतलं तर मीही तेवढाच वेडा ठरेन. परिच्छेद संपला. पुढचा परिच्छेद स्वप्नाचा, की मी तर रोज रात्री झोपणारा माणूस आणि झोपेत मला हेच सगळं, कधी त्याहून अशक्य, दिसतं. यूट्यूबवर देकार्तचं सार सांगणारे या जागी सरळ स्वप्नावर उडी मारतात, वेड्यांचा परिच्छेद मोजतही नाहीत. त्यांचा दोष नाही, सार काढायचं म्हणजे उड्या मारायच्याच.

पण या दोन-चार ओळींवरून फ्रान्समध्ये विसाव्या शतकातलं एक गाजलेलं भांडण झालंय. फुको या फ्रेंच विचारवंतानं 1961 मध्ये वेडाच्या इतिहासावर जाडजूड ग्रंथ काढला, त्यात तो म्हणतो की बघा, स्वप्न आणि इंद्रियांची फसवणूक यांना देकार्त विचारात जागा देतो, पण वेडाला एका वाक्यात दाराबाहेर काढतो, विचार करणारा वेडा असूच शकत नाही असं ठरवून टाकतो, आणि त्याच शतकात, 1656 मध्ये, पॅरिसमध्ये ओपिताल जेनेराल स्थापन होऊन भिकारी, बेकार आणि वेडे यांना कोंडायला सुरुवात होते. मार्च 1963 मध्ये देरिदा या दुसऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञानं, जो एकेकाळी फुकोचा विद्यार्थी, पॅरिसमध्ये भाषण दिलं, समोर फुको बसलेला. देरिदाचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर आमच्या सरांचंच होतं: अहो, हे वाक्य बोलतंय कोण? "पण ते तर वेडे आहेत" हे देकार्तचं मत नाहीच, तो एका साध्यासुध्या, तत्त्वज्ञान न शिकलेल्या, दचकलेल्या माणसाचा आक्षेप स्वतःच्या तोंडून वदवतोय. म्हणजे पू. आणि मग त्याला उत्तर म्हणून स्वप्न येतं, जे वेडापेक्षाही जास्त धोक्याचं, कारण वेडे थोडे असतात पण झोपतात सगळे. आणि पुढे तो सगळंच फसवणारा दुष्ट सैतान आला की वेडही आपोआप आत येतंच.

फुको वर्षानुवर्षं गप्प राहिला आणि 1972 मध्ये त्यानं जे उत्तर छापलं ते वाचताना अंगावर काटा येतो, इतकं ते तिखट आहे. त्याचं म्हणणं, हा मध्येच दुसरा माणूस आणलास कुठून, इथे चिंतन करणारा एकच माणूस आहे, आणि चिंतन करताना तो स्वतः पायरीपायरीनं बदलत जातो. वेड्याचं उदाहरण तो घेऊ शकत नाही कारण ते घेतलं तर चिंतनच करता येणार नाही, स्वप्नाचं घेऊ शकतो कारण ते त्याला स्वतःला, इथे, शेकोटीपाशी, करून बघता येतं. दोघांचं बोलणं त्यानंतर तुटलं ते 1981 च्या शेवटी देरिदाला प्रागमध्ये अटक होईपर्यंत, तेव्हा त्याच्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत फुको होता.

मैत्रिणीनं यात अजून एक काडी टाकली. तिच्याकडे फ्रेंच भाषांतर आहे, 1647 चं, देकार्तच्या हयातीतलं. त्यात स्वप्नाचा परिच्छेद सुरू होतो तो सरळसाध्या "तरीही मला इथे विचार केला पाहिजे की मी माणूस आहे" अशा वळणानं. मूळ लॅटिनमध्ये मात्र तिथे आधी दोन शब्द आहेत, प्रेक्लारे साने, म्हणजे आपण म्हणतो ना "वा, काय बोललात!" तसे, उपरोधानं. आता ही दाद कोण कुणाला देतंय? स्वतःच्याच आधीच्या वाक्याला कुणी असं टोचून दाद देतो का? देत असेलही, माणूस स्वतःशी भांडतो तेव्हा देतोच की. पण फ्रेंच प्रत वाचली तर ही टोचणीच नाही, नुसतं एक शांत "तरीही" आहे. म्हणजे कुठली प्रत हातात आली यावर तुम्हाला तिथे एक माणूस दिसणार की दोन हे बरंचसं ठरतं.

असं वाचताना किती वेळ जातो ते विचारू नका. ऑफिसातला एक मित्र, घरात वारकरी परंपरा असलेला, मला चिडवायला ज्ञानेश्वरीतली ओवी टाकतो, "बोलाआधि झोंबिजे । प्रमेयासी", म्हणजे बघ, माउली म्हणतात शब्दाच्या आधी अर्थाला भिडा आणि तू बसलायस लॅटिनचे दोन शब्द धरून. ओवी अस्सल आहे, पहिल्याच अध्यायातली. पण तिच्या आधीची ओवीही तिथेच आहे, श्रोत्यांनी ही कथा कशी अनुभवावी, तर "अतिहळुवारपण चित्ता । आणूनियां". आणि त्याच्याही आधी चकोराची पिल्लं चांदण्यातले कोवळे अमृतकण मवाळ मनानं वेचताहेत. आधी हळुवारपण, मग झोंबणं, असा क्रम आहे तो. शिवाय ज्या ज्ञानेश्वरीतून तो हे फेकतो तिची प्रत एकनाथांनी शके 1506 मध्ये बसून शुद्ध केली, शिरलेले अपपाठ काढून टाकले, आणि वर बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालेल तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखी. शब्दावर अडून बसणारे लोक मध्ये नसते तर मित्राला फेकायला ओवी कुठून मिळाली असती? हे त्याला ऐकवलं तर तो म्हणाला, बास कर, चहा सांग.

देकार्तच्या बाबतीत आवाज न ओळखल्याची किंमत तशी मोठी आहे. "देकार्त म्हणतो जग स्वप्न असू शकतं", हे त्याच्या नावावर इतकं चिकटलंय की सहावं चिंतन कुणी उघडतच नाही. तिथे तो शेवटी म्हणतो की गेल्या दिवसांतल्या त्या अतिरेकी शंका आता हसण्यावारी नेऊन टाकून द्यायच्या, विशेषतः ती स्वप्नाची, कारण जागेपणीच्या गोष्टी स्मृतीनं एकमेकींना जोडलेल्या असतात, स्वप्नातल्या तशा नसतात. उत्तर पटतं की नाही ते सोडा, हॉब्जला नव्हतंच पटलं, त्यानं विचारलं की स्वप्नात माणसाला आपलं स्वप्न भूतकाळाशी जोडलेलं आहे असंही स्वप्न पडू शकतं ना. पण पहिल्या दिवशीची शंका ही देकार्तनं उभी केलेली शंका होती, त्याचा मुक्काम नव्हता, आणि आपण त्याला तिथेच कायमचा बसवून ठेवलाय, चार्वाकाच्या हातात जशी तुपाची वाटी दिली तसा.

याचा अर्थ रोज तासन् तास हेच करावं असा अजिबात नाही. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, हेगमध्ये निर्वासित राहणारी, तिनं मे 1643 मध्ये देकार्तला पत्रातून विचारलं की आत्मा जर नुसता विचार करणारा असेल, त्याला जागाबिगा काही नसेल, तर तो शरीराला हलवतो कसा. माझ्या मते त्याला आलेला हा सगळ्यात चांगला पूर्वपक्ष, आणि त्याचं उत्तर मला तरी टोलवाटोलवी वाटतं. तीही म्हणाली की नाही कळलं. मग जूनच्या पत्रात तो तिला सांगतो की निव्वळ बुद्धीनं करायच्या विचारांना मी वर्षातले अगदी थोडे तास देतो, कल्पनाशक्ती लागते त्या कामांना दिवसातले थोडे तास, आणि बाकीचा वेळ इंद्रियांना आराम आणि मनाला विश्रांती. वर्षातले थोडे तास! हे मी सरांना वाचून दाखवलं तर ते खूश झाले, पण लगेच म्हणाले की जरा थांब, तो राजकन्येच्या प्रश्नातून सुटायला असं म्हणतोय की खरंच म्हणतोय, हे आधी ठरवायला हवं.

आमचं वेड्यांच्या वाक्याचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. सर देरिदाच्या बाजूचे, त्यांना तिथे पूर्वपक्षी स्पष्ट ऐकू येतो आणि ते दोन लॅटिन शब्द म्हणजे सिद्धान्त्यानं घेतलेली फिरकी. मैत्रीण फुकोची, ती म्हणते पूर्वपक्षी असता तर त्याला नीट उत्तर दिलं असतं, इथे वेड्याला उत्तर मिळतच नाही, विषय बदलला जातो. मी माझ्या प्रतीत तिथे समासात ए लिहिलंय, एकदेशी, म्हणजे देकार्तच पण अजून अर्धवट पोचलेला. सरांना हे मुळीच मान्य नाही, ते म्हणतात एकदेशी ही पळवाट आहे, तुला ठरवता आलं नाही म्हणून तू ए लिहिलास, आणि पुढच्या रविवारी त्यांना पहिल्या चिंतनात "मी" म्हणून कोणकोण बोलून जातं त्याची ओळवार यादी हवी आहे, माझ्याकडून.